खरी आयव्ही कुंडीत, फायकसची वेल भिंतीवर: नवशिक्यांसाठी लागवड आणि निगा

आयव्ही हवी असे सांगून रोपवाटिकेत उभे राहिल्यावर हातात कोणती वेल पडेल याचा नेम नसतो. कधी हेडेरा हेलिक्स, म्हणजे मूळची युरोप आणि पश्चिम आशियातली खरी आयव्ही मिळते, कधी भिंतीला सपाट चिकटून वर चढणारी फायकस प्युमिला मिळते, तर कधी साधा मनी प्लांटच आयव्ही म्हणून विकला जातो. या वेलींची कुळे वेगळी, गरजा वेगळ्या आणि महाराष्ट्राच्या हवेत तग धरण्याची ताकदही वेगळी आहे. माझ्या पाहण्यात नवशिक्यांची आयव्ही मरते ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी लावल्यामुळे. निगा राखण्यात ते सहसा कमी पडत नाहीत. म्हणून हा लेख दोनच वेलींपुरता ठेवला आहे: घरात, कुंडीत आणि गारव्यात वाढवायची खरी आयव्ही, आणि बाहेर, ऊनपावसात, भिंतीवर चढवायची फायकस प्युमिला.

आधी वेल ओळखावी

खऱ्या आयव्हीचे पान तीन ते पाच टोकांचे, पंजाकृती, गडद हिरवे आणि वरून तुकतुकीत असते. त्यावरच्या शिरा फिकट दिसतात. फायकस प्युमिलाचे कोवळ्या अवस्थेतले पान दोन-तीन सेंटिमीटरचे, हृदयाकृती, देठाकडे एका बाजूला किंचित तिरके आणि हाताला जरा खरखरीत लागणारे असते. शंका असेल तर एक पान देठापासून खुडावे. फायकस ही वड-पिंपळाच्या कुळातली वेल असल्यामुळे तिच्या देठातून लगेच पांढरा चीक येतो. आयव्हीच्या देठातून असा दुधी चीक येत नाही. रोपवाटिकेत फायकस प्युमिला वॉल क्रीपर किंवा क्रीपिंग फिग या नावांनी ठेवलेली असते आणि हिंदी बोलणारे माळी तिला छिपकली बेल म्हणतात. बॉस्टन आयव्ही नावाची तिसरी वेल द्राक्षाच्या कुळातली आहे. तिची पाने शरद ऋतूत लालभडक होऊन गळतात, पण त्या रंगासाठी लागणारी थंडी आपल्याकडे पडत नाही, त्यामुळे परदेशातली छायाचित्रे पाहून ती मागवू नये.

आयव्ही आणि फायकस या दोघींमध्ये एक महत्त्वाचे साम्य आहे आणि पुढची सगळी छाटणी त्यावरच अवलंबून आहे. दोघींच्याही आयुष्यात दोन अवस्था येतात. पहिल्या अवस्थेत वेल लहान पानांची, लवचिक आणि पेरांपासून, म्हणजे पान जिथून फुटते त्या गाठींपासून, फुटणाऱ्या बारीक मुळ्यांनी आधाराला चिकटत जाणारी असते. पुरेशी उंची आणि उजेड मिळाला की ती प्रौढ होते: आयव्हीची पाने टोके सोडून साधी लंबगोल होतात, फायकसची पाने दुप्पट-तिप्पट मोठी आणि चामड्यासारखी जाड होतात, फांद्या भिंत सोडून आडव्या पुढे येतात आणि चिकटण्याच्या मुळ्या फुटणे थांबते. आपल्याला हवी असते ती पहिली अवस्था, आणि ती टिकते केवळ नियमित छाटणीने.

हवामानाचा हिशेब

खऱ्या आयव्हीला साधारण 10 ते 20 अंश सेल्सिअस तापमान मानवते. पारा 30 च्या वर जाऊ लागला की तिची वाढ मंदावते आणि कोरड्या हवेत किडीही वाढतात. भारतात तिची बहीण, हेडेरा नेपालेन्सिस, हिमालयातल्या ओक आणि देवदाराच्या जंगलांत खोडांवर चढलेली दिसते, यावरून या वंशाची आवड लक्षात यावी. महाबळेश्वर-पाचगणीला आयव्ही बाहेर सावलीत ठेवता येते. तिथे चिंता असते ती पावसाळ्यात कुंडीत पाणी तुंबण्याची. पुणे, नाशिक, सातारा या भागांत ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा खरा वाढीचा काळ आहे आणि उन्हाळा फक्त निभावून न्यायचा असतो. मुंबई, कोकण आणि गोव्यात दमटपणा तिला चालतो, पण उष्णता आणि पावसाळ्यातली ओली माती एकत्र आली की मुळे कुजतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा ती कूलर असलेल्या खोलीत, पण झोत थेट अंगावर येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवावी. उघड्या गच्चीवर ती वाचवण्याचा प्रयत्न करू नये.

फायकस प्युमिला पूर्व आशियातली, चीन-जपान-व्हिएतनामकडची. तिला आपला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही सोसतात. मुळांशी ओल असली तर पश्चिमेच्या उन्हातली भिंतही ती झाकून टाकते.

रोप निवडणे आणि घरी आणल्यावर

आयव्हीचे रोप नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये विकत घ्यावे, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी तिला रुजायला चार महिने मिळतात. पुण्याकडच्या वाचकांना उरुळी कांचनच्या पट्ट्यात रोपवाटिकांची रांगच सापडेल. पहिल्यांदा साधी हिरवी जात घ्यावी. ग्लेशियर, गोल्डचाइल्ड यांसारख्या पांढऱ्या किंवा पिवळ्या कडांच्या जाती दिसायला मोहक असतात, पण पानातला हिरवा भाग कमी असल्याने त्यांना उजेड जास्त लागतो, वाढ हळू होते आणि अंधाऱ्या जागी नवी पाने हिरवीच येऊ लागतात. घेताना पान उलटे करून पाहावे. पानाखाली बारीक जाळी, पिवळे ठिपके किंवा चिकटपणा असेल तर ते रोप कितीही भरगच्च दिसले तरी तिथेच ठेवावे.

घरी आणल्यावर रोप दोन आठवडे इतर झाडांपासून दूर ठेवावे आणि लगेच कुंडी बदलू नये. रोपवाटिकेतली दमट, सावलीची हवा सोडून आल्यावर त्याची काही पाने गळतात. त्याच वेळी मुळेही हलवली तर रोपावर दुहेरी ताण येतो.

कुंडी आणि माती

चार इंची पिशवीतल्या रोपाला सहा इंची कुंडी पुरे. फार मोठ्या कुंडीत मुळे पोहोचत नाहीत अशी माती ओलीच राहते आणि तिथूनच कूज सुरू होते. पाणी जास्त घालण्याची सवय असेल त्यांनी मातीची कुंडी घ्यावी, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. मिश्रणासाठी दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) आणि वर मूठभर निंबोळी पेंड हे प्रमाण मला भरवशाचे वाटते. नुसती काळी माती कुंडीत वापरू नये. ती ओली असताना चिकट होते आणि वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते, मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि मधला मुळांचा गोळा कोरडाच राहतो.

रोपवाटिकेतली बरीच रोपे निव्वळ कोकोपीटमध्ये वाढवलेली असतात. कुंडी बदलताना तो गोळा बोटांनी बाहेरून थोडा मोकळा करावा, मुळे तोडू नयेत, आणि रोप पूर्वी जितके खोल होते तितकेच बसवावे.

उजेड आणि पाणी

आयव्हीला उजेड भरपूर हवा, पण दुपारचे थेट ऊन नको. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली, उत्तरेची चालते, आणि दक्षिण-पश्चिमेच्या खिडकीत पातळ पडदा असावा. पेरांमधले अंतर वाढत चालले आणि पाने लहान येऊ लागली की उजेड कमी पडतो आहे असे समजावे.

पाण्याचा दिवस ठरवून घेऊ नये. मातीत बोट घालून पाहावे आणि वरचा एक इंच थर कोरडा लागला तरच पाणी घालावे. घालताना मात्र ते खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालावे आणि बशीत साचलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे. आयव्हीचे पान मुळातच ताठ असल्यामुळे ती तहानलेली असली तरी तुळशीसारखी पटकन मान टाकत नाही, आणि पाने सुकलेली दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. लक्षणे नीट ओळखावीत. कडा तपकिरी आणि कुरकुरीत झाल्या असतील तर माती किंवा हवा कोरडी आहे. खालची पाने पिवळी पडून देठासह गळत असतील आणि मातीलगतचे खोड काळपट, मऊ लागत असेल तर पाणी जास्त झाले आहे. अशा वेळी आणखी पाणी घालणे हा सर्वांत घातक उपाय असतो. रोप बाहेर काढून काळी, लिबलिबीत मुळे कापावीत, कोरड्या नव्या मिश्रणात लावावे आणि शेंड्याकडच्या निरोगी फांद्यांची कलमे त्याच दिवशी करून ठेवावीत.

बोअरच्या जड पाण्याने मातीवर पांढरा क्षारांचा थर बसतो. महिन्यातून एकदा कुंडी मोरीत ठेवून, तिच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट पाणी हळूहळू सोडून माती धुऊन काढावी, आणि पावसाचे पाणी साठवता आले तर तेच वापरावे. एसीच्या झोतासमोर आयव्ही कधीही ठेवू नये.

वाढीच्या काळात, म्हणजे आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी, दर तीन आठवड्यांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारे खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात द्यावे. कडक उन्हाळ्यात खत बंद ठेवावे.

आधार आणि छाटणी

टांगत्या कुंडीत आयव्ही आपोआप खाली लोंबते. वर चढवायची असेल तर तारेची कमान, बांबूची काठी किंवा मॉस स्टिक, म्हणजे शेवाळ किंवा काथ्या गुंडाळलेली काठी, लावावी. मॉस स्टिक ओली ठेवली तरच मुळ्या तिला धरतात, कोरड्या काठीला फांद्या सुतळीने सैल बांधाव्या लागतात. शेंडे नियमित खुडत राहावे, कारण शेंडा काढला की खालच्या पेरांतून दोन-तीन फुटवे येतात आणि वेल दाट होते. काप पेराच्या किंचित वर घ्यावा. तळाशी उघडी पडलेली लांब फांदी पंधरा सेंटिमीटर ठेवून कापायला घाबरू नये, फक्त हे काम थंडीत करावे.

लाल कोळी: आयव्हीचा खरा शत्रू

घरातल्या आयव्हीला मारणारी कीड म्हणजे लाल कोळी. तो डोळ्यांना जेमतेम दिसतो, गरम आणि कोरड्या हवेत झपाट्याने वाढतो आणि पानाच्या खालच्या बाजूने रस शोषतो. पान वरून धुळकट, फिकट ठिपक्यांनी भरलेले दिसू लागले की पांढरा कागद खाली धरून फांदीला टिचकी मारावी. कागदावर पडलेले तांबूस ठिपके क्षणभर थांबून चालू लागले, तर तो कोळी आहे. ठिपके जागचे हलले नाहीत तर धूळ.

उपाय पाण्यापासून सुरू होतो. कुंडीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून माती सांडणार नाही अशी व्यवस्था करावी, रोप आडवे धरावे आणि नळाच्या किंवा हँड शॉवरच्या धारेने पानांची खालची बाजू जोरात धुवावी. पाने सावलीत निथळल्यावर संध्याकाळी लिटरभर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि काही थेंब सौम्य द्रवरूप साबण नीट मिसळून दोन्ही बाजूंनी फवारावे. उन्हाळ्यात कोळ्याची एक पिढी आठवड्या-दीड आठवड्यात पूर्ण होते आणि अंडी पहिल्या फवारणीत वाचतात, म्हणून चार-पाच दिवसांच्या अंतराने निदान तीन वेळा हेच करावे. एकदा फवारून थांबलेल्या घरांतच कोळी पुन्हा पुन्हा येतो. मार्चपासून दर आठवड्याला पाने नुसती धुतली तरी हा त्रास बराच टळतो. पिठ्या ढेकूण, मावा आणि खवले कीड यांनाही हेच फवारे चालतात. पानांवर कडेने पाणचट वलय असलेले तपकिरी डाग दिसले तर तो बहुधा जिवाणूजन्य करपा असतो. अशी पाने खुडून टाकावीत आणि रात्री पाने ओली राहू देऊ नयेत.

आयव्ही घरातली हवा शुद्ध करते, असे विक्रेते हमखास सांगतात. या समजाचा उगम 1989 च्या नासाच्या अभ्यासात आहे, पण तो बंद पेट्यांमध्ये केलेला होता. वाऱ्याची ये-जा असलेल्या खोलीत चार कुंड्यांपेक्षा उघडी खिडकी अधिक काम करते, तेव्हा आयव्ही तिच्या रूपासाठीच लावावी.

भिंतीवरची वेल

बाहेर वेल लावताना आधी भिंत तपासावी आणि मगच खड्डा घ्यावा. फायकसच्या मुळ्या भिंतीला किती घट्ट धरतात याचे निरीक्षण चार्ल्स डार्विनने एकोणिसाव्या शतकात केले होते: कोवळ्या मुळ्या काचेवर हलक्या दाबून ठेवल्यावर काही दिवसांनी त्यांतून पारदर्शक द्रवाचे थेंब बाहेर येतात, असे त्याला आढळले. हा चिकट पदार्थ वाळल्यावर वेल ओढून काढली तर रंग, आणि कच्चा असेल तर गिलावाही तिच्याबरोबर येतो. म्हणून रंगवलेल्या, पोकळ वाजणाऱ्या किंवा भेगा पडलेल्या भिंतीवर ती लावू नये. काळ्या दगडाची, सांधे सिमेंटने भरलेली कंपाउंडची भिंत, कोकणातला गिलावा न केलेला जांभ्याचा गडगा, काँक्रीटची उघडी भिंत या तिच्यासाठी उत्तम जागा आहेत. चुन्याच्या जुन्या बांधकामात, जिथे सांधे भुसभुशीत झाले आहेत, तिथे माझे मत स्पष्ट नकाराचे आहे; वाड्यांच्या भिंतींत पिंपळाने काय होते ते आपण पाहतोच, आणि ही त्याच कुळातली आहे.

सुस्थितीतल्या भिंतीला मात्र पानांचे आवरण उपयोगी पडते. इंग्लंडमधल्या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेसाठी ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी आयव्हीने झाकलेल्या जुन्या भिंतींचा अभ्यास केला, तेव्हा पानांखालच्या दगडावर तापमानाचे आणि ओलाव्याचे चढउतार उघड्या दगडापेक्षा कमी आढळले. जिथे मुळांना आत शिरायला आधीच फटी होत्या तिथे मात्र नुकसान होऊ शकत होते. इमारतीची भिंत सामाईक असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी.

लागवड जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाल्यावर करावी. भिंतीपासून साधारण एक फूट अंतर सोडून दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा, कारण भिंतीच्या अगदी पायाशी बांधकामाचा चुरा असतो आणि छज्ज्यामुळे पाऊसही पोहोचत नाही. खड्ड्यात माती, कुजलेले शेणखत आणि निंबोळी पेंड भरून रोप भिंतीकडे किंचित कलते लावावे. दोन रोपांत चार-पाच फूट अंतर पुरते. जुन्या, वाळलेल्या फांद्या नव्याने चिकटत नाहीत. चिकटतो तो नवा फुटवा, म्हणून लावल्यावर शेंडे खुडून फांद्या भिंतीलगत काटक्यांनी किंवा चिकटपट्टीने टेकवून ठेवाव्यात आणि त्या भागावर रोज पाणी शिंपडावे. पहिल्या वर्षी वेल फारशी हलत नाही. मुळे बसली की पुढच्या पावसाळ्यात ती एकदम पसरते.

तिथून पुढे काम उरते ते तिला आवरण्याचे. पावसाळ्याच्या आधी, पावसाळ्यानंतर आणि थंडीच्या अखेरीस अशी वर्षातून तीनदा छाटणी करावी. भिंतीपासून सुटून पुढे आलेल्या जाड पानांच्या फांद्या जिथून फुटल्या तिथे कापाव्यात, नाहीतर वजनाने सगळा पडदा वादळात खाली येतो. खिडक्यांच्या चौकटी, पावसाचे पाइप, एसीची बाहेरची पेटी आणि विजेच्या तारा यांच्यापासून एक हात अंतर मोकळे ठेवावे, आणि आपल्या शिडीच्या पलीकडे वेल चढू देऊ नये. ज्या उंचीवर कात्री पोहोचत नाही तिथेच ती प्रौढ होते. दाट पानांत पाली, गोगलगायी आणि लहान पक्षी राहतात. छाटणीपूर्वी घरटे नाही ना, हे पाहावे.

नवी रोपे करणे

दोन्ही वेलींची छाट कलमे सहज रुजतात. आयव्हीसाठी थंडी आणि फायकससाठी पावसाळा निवडावा. कोवळीही नाही आणि लाकडासारखीही नाही अशी दहा-बारा सेंटिमीटरची, तीन पेरांची फांदी घ्यावी, खालची पाने काढावीत, फायकसचा चीक पाण्यात धुवावा आणि दोन पेरे कोकोपीट-वाळूच्या ओल्या मिश्रणात खुपसून सावलीत ठेवावीत. तीन ते सहा आठवड्यांत मुळे फुटतात. दाब कलम त्याहून सोपे: जवळच्या कुंडीतल्या मातीवर फांदी वाकवून एक पेर केसांच्या पिनेने दाबून ठेवायचे आणि मुळे धरल्यावर मूळ वेलीपासून कापायचे.

लहान मुले, प्राणी आणि त्वचा

आयव्हीची पाने आणि फळे विषारी आहेत. त्यांतल्या सॅपोनिन द्रव्यांमुळे पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होतात, आणि कुत्र्या-मांजरांनाही ती बाधते. रांगते मूल किंवा पाने चावणारे मांजर घरात असेल तर कुंडी उंच टांगावी. आयव्हीच्या रसातल्या फाल्करिनॉल या द्रव्यामुळे काहींच्या त्वचेवर पुरळ येते, तर फायकसचा चीक अंगावर राहून ऊन लागले तर त्वचा लाल होऊ शकते. छाटणी हातमोजे घालून आणि पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत करावी, आणि कापलेला पाला गोठ्याकडे टाकू नये.

परदेशात राहणाऱ्या वाचकांनी आयव्ही जमिनीत लावण्यापूर्वी स्थानिक नियम पाहावेत. ब्रिटनमध्ये ती मूळची आहे आणि शरदात फुलल्यावर मधमाश्यांना उशिराचा मकरंद पुरवते, परंतु अमेरिकेच्या वायव्य भागात ती जंगलात शिरून मूळ झाडांना गुदमरवते, आणि ओरेगॉन राज्यात 2010 पासून तिच्या विक्रीवर बंदी आहे. तिथे ती कुंडीतच ठेवावी आणि छाटलेल्या फांद्या उघड्यावर टाकू नयेत, कारण पडलेला तुकडाही रुजतो.

वेल काढायची वेळ आली तर

घर रंगवायचे असते किंवा भिंतीला भेग दिसते, आणि वेल उतरवावी लागते. हिरवी वेल ओढू नये. आधी जमिनीलगत सगळी खोडे कापून मधला एक-दीड फुटाचा तुकडा काढून टाकावा, म्हणजे खालचा संबंध तुटला हे निश्चित होते, आणि वरचा भाग महिनाभर वाळू द्यावा. वाळल्यावर मुळ्यांची पकड कमी होते आणि फांद्या वरून खाली, लहान तुकड्यांत, भिंतीला समांतर ओढून काढता येतात. उरलेल्या तपकिरी मुळ्यांच्या खुणा तारेच्या ब्रशने कोरड्याच घासाव्यात, मग भेगा भरून पुट्टी करावी. जमिनीतला बुंधा खणून काढावा; तो राहिला तर पुढच्या पावसात त्याला पुन्हा धुमारे फुटतात, आणि ते कोवळे असतानाच खुडत राहावे लागतात.